डावा तंबोरा

पुंजारामने तिसऱ्या जोडीवर पांढरं धोतर टाकलं, टोकं मागे खोचली आणि दोन पावलं सरकून स्वतःचं काम पाहिलं. खोलीत आता धोतर पांघरलेल्या तीन जोड्या उभ्या होत्या. एक उंच, एक बुटकी आणि एक दाराच्या फळीसारखी रुंद नि पातळ.

"हसू नका काकू," तो म्हणाला. "माणूस डोळ्यानं ऐकतो. लाकूड भारी दिसलं की आवाज बी गोड लागतो. म्हणून आपल्याकडं झाकूनच ऐकायचं. नाव आन् किंमत मागून."

"हसत नाही हो," कालिंदी म्हणाली, पण हसू आवरत नव्हतं. दोन वर्षांत तिने पुष्कळ स्पीकर पाहिले होते. धोतरातले आजच पाहत होती.

उस्मानपुऱ्यातल्या एका मिक्सर-शेगड्यांच्या दुकानावरची ही खोली. बाहेरून शिकवणीचा वर्ग वाटावा अशी. आत आलं की चारी भिंतींवर गोधड्या टांगलेल्या. आवाज भिंतीवर आपटून माघारी येऊ नये म्हणून लोक परदेशातून कसले कसले तक्ते मागवतात, पुंजारामने आईच्या हातच्या गोधड्या गावाहून आणल्या होत्या. गाव देवगाव रंगारी. तिथे पोरवयात त्याने लग्नामुंजींना, उरुसाला कर्णे बांधले. मग बारा वर्षं बजाजनगरात राहून वाळूजच्या कारखान्यात सोल्डरिंगचे डाग दिले. आणि आता जालन्या-नांदेडहून लोक खास त्याच्याकडे स्पीकर ऐकायला येत. कर्ण्यापासून इथवर आलेला माणूस, पण बोलण्यात कुठे कर्णा नव्हता.

हेमचंद्र रत्नपारखी यांचं या गप्पांकडे लक्ष नव्हतं. त्यांनी खिशातून मोजायची टेप काढली, खुर्चीच्या पाठीपासून डाव्या स्पीकरपर्यंतचं अंतर घेतलं, मग उजव्यापर्यंतचं, आणि खुर्ची दोन बोटं सरकवली. वय शहात्तर. कॉलेजात पस्तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. पण पदार्थविज्ञान त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. घरी पोळीसुद्धा ते ताटाच्या मध्यभागी ठेवत.

"हं, लावा," ते म्हणाले. "सुरुवातीपासूनच. पाच मिनिटं पुरे."

पहिल्या दोन जोड्या ऐकून झाल्या होत्या. पुंजारामने तिसरीला पेन ड्राइव्ह लावला. त्यात एकच गोष्ट होती, एक तास अकरा मिनिटांचा मुलतानी राग. बहात्तर सालच्या दुष्काळात, औरंगपुऱ्यातल्या एका घराच्या माजघरात, भर दुपारी झालेली द्वारकाबाईंची बैठक. संध्याकाळी विजेचा भरवसा नसायचा, म्हणून दुपार. हेमचंद्रांचे मेहुणे तेव्हा एडनहून आले होते, त्यांनी आणलेल्या स्पूलच्या यंत्रावर हेमचंद्रांनी ती स्वतः उतरवून घेतली होती. दोन माइक लावून. पुढे फितीवरून तबकडी झाली, तबकडीवरून हा अंगठ्याएवढा तुकडा. एवढी स्थित्यंतरं झाली, पण हेमचंद्रांचा प्रश्न मात्र गेली दोन वर्षं एकच होता.

मुलतानी सुरू झाला. या पातळ, रुंद जोडीतून ते सगळं माजघरच खोलीत आलं. कुणीतरी खोकलं. बाहेरून सायकलची घंटी गेली. द्वारकाबाईंचा आवाज मात्र लांबून, ओट्यावरून आल्यासारखा वाटत होता. पहिल्या उंच जोडीत त्याच बाई चांगल्या खाऊनपिऊन सुखी घरच्या वाटल्या होत्या. आवाजाला अंग होतं, पण शब्द जरा मऊ पडत होते. पुंजारामला तीच आवडली होती, कारण तबल्याचा डग्गा ऐकून त्याला गावच्या भजनातला पखवाज आठवला. कालिंदीला आवडली ती दुसरी, बुटकी जोडी. तिच्यात द्वारकाबाई गाण्याच्या क्लासमध्ये असायच्या तशा होत्या. हातभर अंतरावर, थोड्या करकरीत, आत्ता रागावतील अशा.

पाच मिनिटं झाली. हेमचंद्रांनी हात वर केला.

"तंबोरा एकच येतोय. उजवा. डावा याच्यातही नाही." त्यांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं. "तुला आला?"

"नाही," कालिंदी म्हणाली.

पुंजारामने तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

हे "नाही" तिने आजवर अकरा ठिकाणी म्हटलं होतं. पुण्यात पाचदा, मुंबईत तीनदा, नाशकात हेमचंद्रांच्या विद्यार्थ्याकडे, ज्योतीनगरात एका डॉक्टरांच्या दिवाणखान्यात, आणि सगळ्यात आधी आपल्या घरी, स्वतःच्या जुन्या स्पीकरपुढे. अकराही ठिकाणी डावा तंबोरा तिला स्वच्छ ऐकू आला होता.

"मी जरा खाली जाऊन येतो," हेमचंद्र उठले. "तोवर तुम्ही चहा सांगा, पुंजाराम."

जिना अरुंद होता. ते एक एक पायरी मोजून उतरत होते, तो आवाज बराच वेळ येत राहिला. पुंजारामने चहा सांगितलाच होता. त्याने पेला कालिंदीच्या हाती दिला आणि स्वतःचा घेऊन समोर स्टुलावर बसला.

"काकू, एक विचारू? राग नका मानू."

"विचारा ना."

"डावा तंबोरा तिन्हीतून वाजतोय. पहिल्यात जरा दबून, पर वाजतोय. दुसऱ्यात तर लईच साफ. जवारीचा झणकार असा सुटतो, जसा काय आत्ताच तारंखाली दोरा सरकवलाय. तुम्हाला खरंच नाय आला?"

कालिंदीने पेला खाली ठेवला.

"आला," ती म्हणाली.

पुंजारामने मान हलवली. रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"सरांचा डावा कान गेलाय," तो म्हणाला. "मघाच वळखलं मी. डाव्या अंगानं बोललं की अख्खी मान वळवतेत. कारखान्यात माझ्या शेजारच्याचं असंच झालं व्हतं. पूर्ण बहिरा नाय झाला, पर बारीक आवाज गेला. त्याची बायको बांगड्या वाजवायची, त्याला पत्ता नाय. आन् मधी डोकं आडवं येतं ना, त्या बाजूचं बारीक काय असंल ते चांगल्या कानापर्यंत पोचतच नाय."

"मला माहीत आहे. फोनसुद्धा हल्ली उजव्या कानालाच लावतात."

"आन् सरांना?"

"त्यांना वाटतं स्पीकर म्हातारे झाले."

पुंजारामने चहा संपवला. त्याने पेल्यात पाहिलं.

"हे बघा काकू, मी आज त्यांना यातली कोणती बी जोडी इकू शकतो. ते नेतील, लावतील, आन् पुन्हा तोंड पडल. मला ते जमायचं नाय. खोट डब्यात नाय, मंग डबा कशापायी इकायचा? पर सांगायचं तुम्ही. मी परका माणूस. सरांना कान गेला म्हणून सांगायला माझी जीभ नाय उचलायची."

"आणि मी नाही सांगितलं तर?"

"तर सर पुण्याला जातील. मंग मुंबईला. हिंडत ऱ्हातील." तो उठला आणि रिकामा पेला खिडकीत ठेवला. "काय शोधतेत त्या तंबोऱ्यात एवढं?"

कालिंदीने पेला पुन्हा उचलला. उत्तर तिला पाठ होतं. त्या उत्तराचं नाव दमयंती.

पोलीस ॲक्शननंतर हैदराबाद सोडून इकडे आलेल्या द्वारकाबाईंनी औरंगपुऱ्यात गाण्याचा क्लास काढला, त्यात कालिंदी आणि दमयंती दोघी शिकत. बैठक असली की बाईंच्या मागे तंबोरे घेऊन याच दोघी बसत. दमयंती बाईंच्या उजव्या हाताला, कालिंदी डाव्या हाताला. दमयंती गोरी, नाकीडोळी नीटस, गळाही तिचाच जास्त फिरायचा. हेमचंद्रांचं स्थळ आधी तिलाच सांगून आलं होतं. पत्रिका जुळली, पोहे झाले, याद्यांपर्यंत बोलणी आली, आणि मग तिच्या वडिलांना नागपूरचा इंजिनिअर मिळाला. बोलणी फिसकटल्यावर महिन्याभरात ती मुलतानीची बैठक झाली, आणि आठ महिन्यांनी कालिंदीचं लग्न. लग्नात हेमचंद्रांची आत्या सगळ्यांदेखत म्हणाली होती, "कानामागून आली आणि तिखट झाली!" सगळे हसले. नवी नवरी पण हसली. हसण्यावाचून ती करणार काय?

संसार चांगला झाला. कुणी नावं ठेवावीत असं काही नव्हतं. हेमचंद्रांनी तिला कधी चढ्या शब्दाने दुखावलं नाही, आणि कधी गोड शब्दाने सुखावलंही नाही. नाकासमोर चालणारा माणूस. पण महिन्यातून एखाद्या दुपारी ते मुलतानीची फीत लावत, डोळे मिटून बसत, आणि ते तसे बसले की कालिंदी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडत असे. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्यांनी तिला स्टीरिओ म्हणजे काय ते समजावून दिलं होतं. समोर बसलेल्याच्या डाव्या हाताला जे वाजतं, ते डाव्या स्पीकरमधून येतं. उजव्या हाताचं उजव्या. तिने लगेच मनात जागा लावून पाहिल्या. समोरच्याच्या डाव्या हाताला दमयंती. म्हणजे डाव्या स्पीकरमध्ये दमयंती. पुढे काही विचारायची गरज तिला वाटली नाही.

दोन वर्षांपूर्वी नागपूरहून फोन आला, दमयंती गेली. हेमचंद्र "अरेरे" म्हणाले आणि पेपर उघडून बसले. पुढच्याच आठवड्यात त्यांनी मुलतानी लावला आणि मध्येच बंद केला. "कालिंदी, डावा तंबोरा येत नाहीये. तुला येतो का गं?" त्यांच्या आवाजात इतकी कळ होती की कालिंदीच्या तोंडून "नाही" निघून गेलं. तेव्हापासून हा शोध, ही वणवण. म्हाताऱ्या माणसाच्या मानीपणाला धक्का नको म्हणून आपण कानाचं बोलत नाही, असं ती स्वतःला सांगत आली. पण आपलं मन आपल्याला किती दिवस फसवणार? खरं कारण एवढंच होतं, की दमयंती गेल्यावर तरी ती त्यांना ऐकू येऊ नये.

जिन्यावर पावलं वाजली. हेमचंद्र वर आले तेव्हा त्यांना थोडी धाप लागली होती. चहाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"पुंजाराम, तुमचा फार वेळ घेतला," ते म्हणाले. "काढा तो पेन ड्राइव्ह. निघतो आम्ही."

"सर, अजून एक डाव दुसरी जोडी—"

"नको. जिना उतरताना विचार केला मी. इतक्या ठिकाणी येत नाही, म्हणजे दोष स्पीकरचा नसणार. फीतच गेली असेल. जुनी फीत, वरचा थर झडतो. उतरवून घेतानाच तो बाजूला राहिला असेल." त्यांनी चष्म्याचं घर उघडलं आणि पुंजारामने काढून दिलेला पेन ड्राइव्ह आत ठेवायला गेले. तो खाली पडला. वाकून उचलला, पुन्हा ठेवला. "आता नाहीच यायचा तो. काय कालिंदी?"

हे वाक्य ऐकण्यासाठी कालिंदी दोन वर्षं थांबली होती. ते आता कानावर पडलं, आणि तिला काहीच सुटल्यासारखं वाटलं नाही. ते खुर्चीची पाठ धरून उभे होते, सगळे पाहुणे निघून गेल्यावर यजमान उभा राहतो तसे. आपल्याला कुणीतरी इतकं शोधावं, या वयात, जिने चढून, गुडघे दुखत असताना, एवढी एकच इच्छा तिने जन्मभर जपली होती. जिच्या वाट्याला ते आलं तिला त्याचा पत्ताही नव्हता, आणि आता तर ती नव्हतीच. मेलेल्या बाईशी कसलं भांडण? आणि जिवंत माणसाला असं उपाशी ठेवून आपल्या पोटात काय पडणार होतं?

"बसा," ती म्हणाली.

"अगं, चल. रिक्षा मिळायची नाही मग."

"बसा म्हणते ना. पुंजाराम, दुसरी जोडी लावा."

पुंजाराम जागचा हलला नाही. तो तिच्याकडे बघत होता.

"डावा तंबोरा वाजतोय," कालिंदी म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला. "याही जोडीत वाजतोय, त्याही जोडीत वाजत होता. पुण्यात वाजत होता. आपल्या घरच्या स्पीकरमधूनसुद्धा वाजतो. मला सगळीकडे ऐकू आला. तुमचा डावा कान गेलाय."

हेमचंद्रांनी चष्म्याचं घर बंद केलं. उघडलं. पुन्हा बंद केलं.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील. जास्तच."

"आणि तू मला..."

"नाही सांगितलं."

ते खुर्चीत बसले. पस्तीस वर्षं मुलांना ध्वनी शिकवलेला माणूस. कंप, लहरी, वारंवारता. त्यांनी उजवा हात उचलला, अंगठा आणि तर्जनी उजव्या कानाशी नेऊन एकमेकांवर घासली. मग तेच डाव्या कानाशी केलं. मग पुन्हा उजव्या. पुंजाराम खिडकीबाहेर बघू लागला.

"उठा जरा," कालिंदी म्हणाली. ते उठले. तिने खुर्ची धरली आणि जोर लावून उलटी फिरवली, पाठ स्पीकरकडे. "आता बसा. आता डावा स्पीकर तुमच्या चांगल्या कानाकडे येईल."

"पाठ करून कोणी गाणं ऐकतं का?" ते पुटपुटले. पण बसले. टेप काढून अंतर मोजलं नाही.

पुंजारामने चष्म्याच्या घरातला पेन ड्राइव्ह मागून घेतला आणि दुसरी जोडी लावली. धोतराच्या मागून द्वारकाबाईंचा श्वास आला, आणि त्यामागे तंबोरे. हेमचंद्रांनी डोळे मिटले. पहिल्या मिनिटात काहीच झालं नाही. मग त्यांच्या हाताची बोटं, पहिलं आणि मधलं, मांडीवर एकामागून एक हलू लागली. पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज. पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज. कालिंदी त्यांच्या डाव्या अंगाला स्टुलावर बसली होती. त्यांच्या चेहऱ्यावर काय पसरतंय ते तिला सगळं दिसत होतं, आणि ते बघवत नव्हतं, आणि नजरही हलवता येत नव्हती. घे बाई, तिने मनात दमयंतीला म्हटलं. दिलं तुला. घे.

"पुंजाराम," हेमचंद्र डोळे न उघडता म्हणाले, "पुढे न्या. चोविसाव्या मिनिटाला."

पुंजारामने नेलं. इथे ताना सुरू झाल्या होत्या, तबला चढला होता. हेमचंद्रांनी बोट वर केलं.

"आता... आता बघा. हां!"

डावा तंबोरा थांबला. उजवा एकटाच वाजत राहिला. एक आवर्तन, दुसरं. तिसऱ्याच्या मध्यावर डावा पुन्हा सुरू झाला, जरासा घाईने, आणि मग सावरून उजव्याच्या बरोबरीने चालू लागला. हेमचंद्र हसत होते. कालिंदीने त्यांना असं हसताना शेवटचं कधी पाहिलं होतं ते तिला आठवेना.

"थांबवा," ते म्हणाले. "सापडलं. कालिंदी, इथे थांबली होतीस तू."

"मी?"

"मग कोण?"

"डावा तंबोरा दमयंतीचा," कालिंदी म्हणाली. हे नाव ती त्यांच्यापुढे कितीतरी वर्षांनी घेत होती. "ती समोरच्यांच्या डाव्या हाताला होती. मी उजव्या."

"मी समोर कुठे होतो?" हेमचंद्रांनी डोळे उघडले. "मी तुमच्या मागे होतो, कोठीच्या दारात. प्लग तिथेच होता. मागे बसून जसं दिसलं तसे मी माइक जोडले. तुझं डावं तेच माझं डावं. दमयंती उजव्यात आहे, ती काय, सगळीकडे येतेच की."

ते इतक्या सहज म्हणाले, जणू काही बसचा नंबर सांगत होते. कालिंदीने स्टुलाची कड धरली. मागे होते. हो, मागेच होते. कोठीच्या दारात, मांडीवर यंत्र, कानांना ते मोठे काळे हेडफोन. हे तिला माहीत होतं. सत्तेचाळीस वर्षं माहीत होतं, आणि सत्तेचाळीस वर्षांत तिने त्यावरून डाव्या-उजव्याचा हिशेब एकदाही केला नव्हता. पुण्यात, मुंबईत, नाशकात, ज्योतीनगरात, अकरा वेळा ती स्वतःलाच नाही म्हणून आली होती.

"तेव्हा काय झालं," हेमचंद्र सांगत होते, पुंजारामला की गोधड्यांना कोण जाणे, "माझ्या कानात डावी बाजू एकदम गप्प. मला वाटलं माइकची वायर निघाली. घाबरलो. मेहुण्यांचं यंत्र, एडनहून आणलेलं. वर बघितलं तर वायर नीट होती. हिचा हात थांबला होता. पाठमोरी बसली होती, तंबोऱ्याला टेकून, मानेवर सगळा घाम. तोवर मी हिला कधी नीट बघितलंच नव्हतं." त्यांनी मान कालिंदीकडे वळवली. "घरी आल्यावर आईला म्हटलं, दमयंतीचं जाऊ दे. त्या दुसरीचं विचार."

पुंजारामने दोन्ही रिकामे पेले उचलले. "चहाचे पैसे देऊन येतो," तो म्हणाला, आणि दार ओढून घेऊन खाली गेला.

"हे तुम्ही कधी बोलला नाहीत," कालिंदी म्हणाली.

"बोलायचं काय त्यात? टेपमध्ये होतं की." मग त्यांना बहुधा ते पुरेसं वाटलं नाही. ते चष्म्याच्या घराशी चाळा करत राहिले. "मधूनमधून ऐकायचो. तिथे तू थांबतेस तेवढंच. बाकी मुलतानीतलं मला काय कळतंय! पण आधी तू वाजत असलीस तरच थांबलेली कळणार. म्हणून शोधत होतो." ते पुढे वाकले. "द्वारकाबाई नंतर किती रागावल्या होत्या तुला, सगळ्यांसमोर. गवई श्वास घेईल, पण तंबोऱ्याने घ्यायचा नाही, असं काहीतरी. विचारीन विचारीन म्हणता राहून गेलं. काय झालं होतं गं? तार उतरली होती का?"

हो म्हटलं असतं तर चाललं असतं. बाईंनाही तिने तेव्हा तेच सांगितलं होतं. पंचमाची तार उतरली, बाई. आणि खाली मान घालून बोलणी खाल्ली होती. खरं तर तारेला काही झालं नव्हतं. नागपूरचं ठरल्याचं क्लासमध्ये सगळ्यांना कळलं होतं. मागे कोठीच्या दारात तो माणूस बसला होता, आणि तो दमयंतीकडे बघत असेल का, किती बघत असेल, हे बघितल्याशिवाय वीस वर्षांच्या कालिंदीला राहवेना. तिने मान वळवली. तेवढ्यात हात थांबला. तो कुणाकडेच बघत नव्हता, यंत्राच्या काट्यावर वाकला होता. फक्त त्याचा भांग दिसला. ती पुन्हा पुढे वळली, आणि नंतर केव्हातरी त्याने मान वर केली असणार.

"नव्हती उतरली तार," कालिंदी हळूच म्हणाली. "तुम्हाला बघायला वळले होते."

हेमचंद्रांनी भुवया उंचावल्या.

"काय म्हणालीस?"

अशा वेळी "काही नाही" म्हणायची तिला सत्तेचाळीस वर्षांची सवय होती. शब्द ओठांवर आलासुद्धा. मग ती स्टुलावरून उठली, खुर्चीला वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला गेली, आणि वाकून तेच पुन्हा सांगितलं.